लंडन, नदी धरून

‘आलोच आहोत तर तेही बघून घेऊ.’ कुटुंबाच्या सहलीची वाट लावायला एवढं एक वाक्य पुरतं. व्हिसाचे पैसे, विमानाचे पैसे, हॉटेलचे पैसे असा हिशेब डोक्यात चालू असतो आणि मग लंडनच्या एका दिवसात राजवाडा, पाळणा, मेणाचे पुतळे, कोहिनूर, दोन संग्रहालयं आणि शेवटी ऑक्सफर्ड स्ट्रीटवरची खरेदी असं सगळं कोंबलं जातं. दुपारी तीनला आजोबा बाक शोधत असतात, धाकटा रडत असतो, शाळकरी मुलगी फोनमध्ये असते आणि ज्याने यादी केली तो घड्याळ बघत सगळ्यांना पुढे ढकलत असतो. वसुली म्हणावी तर तीही धड होत नाही, कारण निम्मा दिवस भुयारी रेल्वेच्या बोगद्यांत आणि रांगांत जातो.

लंडनपुरता या दुखण्यावर एक सोपा उपाय आहे. शहराचा नकाशा विसरायचा आणि टेम्स नदी धरायची. सकाळी वेस्टमिन्स्टर, तिथून बोटीने खाली ग्रीनिच, दुपारनंतर रेल्वेने टॉवर ऑफ लंडन या जुन्या किल्ल्यापर्यंत परत आणि संध्याकाळी दक्षिण काठाने पायी पश्चिमेकडे. शहर याच पाण्याच्या आधाराने वाढलं, त्यामुळे बघण्यासारखं बरंच काही काठावरच उभं आहे. कुटुंबाच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे संध्याकाळच्या वाटेवर साधारण दर किलोमीटरभराला एक स्टेशन येतं. कुणी थकलं तर कार्यक्रम मोडत नाही. थकलेले तिथून परत जातात, बाकीचे पुढे चालतात.

आदल्या रात्री करायचं काम म्हणजे कार्डांचं. लंडनच्या बस, भुयारी रेल्वे, डीएलआर (ग्रीनिचकडे जाणारी हलकी रेल्वे) सगळीकडे बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड किंवा ऑयस्टर कार्ड (आधी पैसे भरून वापरायचं तिथलं प्रवासाचं कार्ड) चालतं; बसमध्ये तर २०१४ पासून रोख पैसे घेतच नाहीत. दिवसभरात कितीही फिरलं तरी ठरावीक रकमेवर भाडं थांबतं. पहिल्या दोन झोनसाठी, म्हणजे शहराच्या मधल्या भागासाठी, ही कमाल रक्कम माणशी ९ पौंडांच्या आसपास असते. पण ही सवलत प्रत्येक कार्डाला वेगळी मोजली जाते, म्हणून प्रत्येक मोठ्या माणसाला स्वतंत्र कार्ड हवं. एकाच कार्डावर नवरा-बायको दोघं आत जाऊ शकत नाहीत. आणखी एक घोळ फोनचा. आत जाताना फोन टेकवला आणि बाहेर पडताना तेच कार्ड खिशातून काढून टेकवलं, तर यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी माणसं असतात. दोन्ही प्रवास अर्धवट धरले जातात आणि दोन्हींवर एका प्रवासाचं सर्वांत जास्त, म्हणजे कमाल भाडं लागतं. सकाळी जे टेकवलं तेच रात्रीपर्यंत टेकवायचं, इतकं पाळलं की पुरे.

अकरा वर्षांखालच्या मुलांना मोठ्या माणसासोबत भुयारी रेल्वे आणि डीएलआर फुकट आहे. एका मोठ्यामागे चार मुलं चालतात. रुंद फाटकातून सोबत न्यायचं. अकरा ते पंधरा वयाच्या मुलांची गोष्ट वेगळी. त्यांच्या हातात कॉन्टॅक्टलेस कार्ड दिलं तर पूर्ण भाडं कापलं जातं. त्यांच्यासाठी ऑयस्टर कार्ड घ्यायचं आणि स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याकडून त्यावर ‘यंग व्हिजिटर’ सवलत चढवून घ्यायची. ती चौदा दिवसांपर्यंत चालते आणि भाडं निम्मं होतं. हे काम मिनिटाभराचं असतं, पण गर्दीच्या वेळी मागायला गेलं की रांगेतले लोक उसासे टाकतात. पोहोचलेल्या दिवशीच उरकावं.

सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसहा ते साडेनऊ हा नोकरदारांचा वेळ. तेव्हा भाडंही जास्त आणि डब्यात बाबागाडी शिरत नाही. साडेनऊनंतर निघालं की दहाच्या सुमारास वेस्टमिन्स्टरला पोहोचता येतं. या स्टेशनात लिफ्ट आहे, आणि ही गोष्ट लंडनमध्ये गृहीत धरायची नसते. निम्म्याहून जास्त भुयारी स्थानकांत रस्त्यापासून गाडीपर्यंत पायऱ्या टाळून जाता येत नाही. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू घाईवाल्यांची. आपल्याकडची सवय म्हणजे चौघांनी गप्पा मारत आडवं उभं राहायचं. तसं केलं की मागून अतिशय सभ्य शब्दांत राग व्यक्त होतो.

निघण्याआधी मुलांना एक नियम पाठ करायला लावावा. गाडीचं दार बंद झालं आणि कुणी फलाटावर राहिलं, तर राहिलेल्याने जागेवरून हलायचं नाही. गाडीत चढलेल्यांनी पुढच्या स्टेशनवर उतरायचं आणि एका मोठ्या माणसाने उलट्या गाडीने परत यायचं. दोघंही एकमेकांना शोधायला निघाले की चुकामूक ठरलेली. भारतातलं सिम असलेला फोन भुयारात चालेलच असं नाही, म्हणून हा करार जमिनीवर असतानाच झालेला बरा. लहान मुलाच्या मनगटावर बॉलपेनने नंबर लिहिला तरी चालतो, फक्त देशाचा कोड धरून लिहावा.

वेस्टमिन्स्टर पुलावर दहाच्या ठोक्याला असणं जमवावं. १८५९ पासूनचं हे घड्याळ, ९६ मीटर उंचीचा मनोरा आणि आत जवळजवळ पावणेचौदा टनांची घंटा. बिग बेन हे त्या घंटेचं नाव. मनोऱ्याला २०१२ पासून एलिझाबेथ टॉवर म्हणतात. आधी चार चरणांची सुरावट वाजते, मग तासाचे ठोके. मुलांनी ते मोजायचे असतात आणि कुठलंही मूल न सांगता मोजतंच. याच पुलावर तीन वाट्या आणि एका गोळीचा जुगार मांडून बसलेली टोळी दिसते. भोवती जिंकणारे, टाळ्या वाजवणारे सगळे त्यांचेच असतात. तिकडे थांबून बघणंही नको, कारण बघणाऱ्याच्या खिशाकडे आणखी कुणी बघत असतं. फोन हातात उघडा धरून रस्त्याच्या कडेला उभं राहू नये. सायकलवरून येऊन हिसकावून नेण्याचे प्रकार इथे नेहमीचे आहेत. फोटो कठड्याच्या बाजूला वळून काढावा.

पलीकडच्या पार्लमेंट स्क्वेअरमध्ये पुतळे आहेत. गांधीजींचा पुतळा २०१५ मध्ये बसवला. शाळकरी मुलांना इथे दादाभाई नौरोजींची आठवण करून द्यावी. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवणारा हा माणूस १८९२ मध्ये लंडनच्या फिन्सबरी मतदारसंघातून निवडून येऊन समोरच्या इमारतीत खासदार म्हणून बसला होता. पाच मिनिटांत सांगून होतं. त्यापेक्षा जास्त इतिहास सकाळी दहाला कुणाच्या पोटात जात नाही.

राजवाड्यासमोरचा पहारेबदल या आराखड्यात नाही, आणि तो मुद्दाम गाळलेला आहे. तासभर आधी जाऊन जागा धरावी लागते आणि तरीही सहा वर्षांच्या मुलाला समोरच्यांच्या पाठीच दिसतात. घोडे आणि शिरस्त्राणं हवीच असतील तर जवळच हॉर्स गार्ड्सपाशी रोज सकाळी अकराला, रविवारी दहाला, घोडेस्वारांचा बदल होतो. तिथे गर्दी कमी आणि अंतरही कमी. मात्र तो अकराचा बदल पाहिला तर ग्रीनिचच्या वेधशाळेवरचा लाल गोळा एकला खाली येतो तो कार्यक्रम हुकेल. लंडन आयचंही तेच. १३५ मीटरचा पाळणा अर्ध्या तासात एक फेरी करतो, पण त्याआधीच्या रांगा धरल्या तर दीड तास जातो. पुलावरून तो छान दिसतो. त्याच्या ३२ पेट्यांवर ३३ पर्यंत आकडे आहेत, कारण १३ नंबर गाळलाय. हे सांगितल्यावर मुलं पेट्यांचे आकडे शोधत बसतात आणि तिकिटाचा हट्ट थोडा मागे पडतो.

अकराच्या आत बोट पकडायची. वेस्टमिन्स्टरचा धक्का पुलाला लागूनच उत्तर काठावर आहे. दोन प्रकारच्या बोटी सुटतात. एका प्रकारात माणूस माइकवर माहिती सांगतो, विनोद करतो, बोट सावकाश जाते आणि ग्रीनिचला तासभर लागतो. दुसरी नोकरदारांची जलद बोट. तिला पाऊण तास पुरतो, आत खाण्यापिण्याचा कट्टा आणि स्वच्छतागृह असतं आणि मागे उघडा डेक. या बोटीत तेच कार्ड टेकवून चढता-उतरता येतं, पण तिचं भाडं दिवसाच्या कमाल रकमेत धरलं जात नाही. मुलांचे नियमही वेगळे: पाचच्या आतल्यांना फुकट, पाच ते पंधरा निम्मं. रेल्वेत फुकट बसलेला नऊ वर्षांचा मुलगा इथे पैशाचा होतो. शनिवार-रविवारी ऊन पडलं असेल तर पहिली बोट भरून जाऊ शकते, म्हणून वीस मिनिटं हाताशी ठेवावीत.

धक्क्यावर उतरताना एक गोष्ट डोळ्यांत भरेल. काठापासून तरंगत्या धक्क्यापर्यंतचा लोखंडी उतार कधी जवळजवळ सपाट असतो, कधी चांगलाच तीव्र. टेम्स इथे समुद्राच्या ताब्यात आहे. लंडन ब्रिजपाशी भरती-ओहोटीत पाण्याची पातळी सुमारे सात मीटरने वरखाली होते, मुंबईच्या किनाऱ्यापेक्षाही जास्त. नदीचं मुख रुंद आणि आत येता येता पात्र अरुंद होत जातं, त्यामुळे आत शिरलेलं पाणी वर चढतं. कुटुंबाला याचा अर्थ एवढाच की ओहोटीच्या वेळी उतार घसरगुंडीसारखा होतो. बाबागाडी उलटी धरून, म्हणजे स्वतः खाली राहून, मागे मागे उतरवावी. चाकाच्या खुर्चीचंही तसंच. भरती-ओहोटीच्या वेळा बंदराच्या संकेतस्थळावर आधी बघता येतात.

बोटीत डावीकडची जागा उत्तर काठाची. त्या बाजूला क्लिओपात्राचा दगडी स्तंभ, सेंट पॉलचा घुमट आणि पुढे टॉवर. उजवीकडे लंडन आय, टेट मॉडर्न हे कलादालन, शेक्सपियरच्या ग्लोब नाट्यगृहाचं गवताचं छप्पर आणि जुनी युद्धनौका बेलफास्ट. १६६६ च्या आगीनंतर या शहरात गवताच्या छपराला परवानगीच नव्हती. नव्या ग्लोबला १९९७ मध्ये मिळाली ती पहिली. डाव्या काठाच्या भिंतीवर तोंडात कडी धरलेली सिंहाची मुंडकी ओळीने दिसतात. सिंह पाणी प्यायले की लंडन बुडतं, अशी तिथली म्हण. या भिंतीमागे इंजिनिअर जोसेफ बॅझलजेटने बांधलेलं मोठं गटार आहे. १८५८ च्या उन्हाळ्यात नदीला इतकी दुर्गंधी सुटली की पार्लमेंटमध्ये बसणं अशक्य झालं, आणि वर्षानुवर्षं रेंगाळलेला पैसा भराभर मंजूर झाला. सत्तेच्या नाकाशी गेल्याशिवाय नळ-गटारांची कामं होत नाहीत, हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला वेगळं समजावून सांगायला नको.

टॉवर ब्रिजखालून पुढे गेल्यावर थोड्या वेळाने बोट एकदम वेग घेते. इथे आजी-आजोबांना आत बसवावं आणि टोप्या हातात धराव्यात. जूनमध्येसुद्धा त्या वाऱ्याला स्वेटर लागतो. छत्री नदीवर निरुपयोगी. टोपीचं जाकीट घ्यावं.

ग्रीनिचला उतरल्यावर समोर कटी सार्क हे जहाज दिसतं. १८६९ चं हे शिडाचं जहाज चीनहून चहा आणायला बांधलं होतं. आत तिकीट आहे, बाहेरून बघायला नाही. घाई टेकडीची असते. धक्क्यापासून वेधशाळेपर्यंत तरुण माणसाला वीस मिनिटं. आजी, बाबागाडी आणि वाटेतल्या खारी धरून चाळीस. शेवटचा चढ खरोखरीच उभा आहे. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी तो चढू नये. त्यांच्यासाठी काळी टॅक्सी करून ब्लॅकहीथच्या फाटकाने यावं; तिकडून वेधशाळेपर्यंत झाडांखालचा सपाट रस्ता आहे. या टॅक्सीत पाच जण बसतात, चाकाच्या खुर्चीसाठी फळी असते आणि कार्ड चालतं. एवढ्याशा अंतराला टॅक्सी म्हटल्यावर आजोबा ‘कशाला उगाच’ म्हणणारच, तरी करावी.

एकला पाच मिनिटं कमी असताना वेधशाळेच्या छपरावरचा लाल गोळा दांड्यावर अर्धा चढतो. बारा अठ्ठावन्नला टोकाला जातो आणि बरोबर एकला खाली येतो. १८३३ पासून हे चाललंय. नदीतल्या जहाजांवरचे लोक तो बघून आपली घड्याळं जुळवत. दुपारी बाराला का नाही, असं मुलं विचारतात. बाराला वेधशाळेतली माणसं सूर्याचा वेध घेण्यात गुंतलेली असत. वारा फार असला तर गोळा चढवत नाहीत, म्हणून मुलांना पक्कं वचन देऊ नये.

शून्य रेखांशाच्या धातूच्या पट्टीवर दोन पाय दोन गोलार्धांत ठेवून फोटो काढायचा असेल तर तिकीट काढून आवारात जावं लागतं. नुसती रेषाच बघायची असेल तर बाहेरच्या पायवाटेवर भिंतीपाशी ती दाखवलेली आहे, तिथे पैसे पडत नाहीत आणि रांगही नसते. मग गंमत करावी. फोनमधलं जीपीएस उघडून रेषेवर उभं राहिलं तर आकडा शून्य येत नाही. शून्य गाठायला पूर्वेकडे सुमारे १०२ मीटर चालावं लागतं. जुनी रेषा त्या जागी ओळंबा ज्या दिशेने लोंबतो त्यावरून ठरली होती, आणि पृथ्वीच्या पोटातलं वस्तुमान सगळीकडे सारखं नसल्याने ओळंबा तिथे किंचित कलतो. उपग्रह पृथ्वीचा मध्य धरून मोजतात. १८८४ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत देशांनी जी रेषा मान्य केली ती पट्टीवर, आणि आजचं जग चालतं ती जवळच्या हिरवळीवर. फोनमधून डोकं वर न काढणाऱ्या पोरांना याच फोनने अर्धा तास पळवता येतं.

फाटकाबाहेरच्या भिंतीवर १८५२ चं एक गोल घड्याळ आहे, चोवीस आकड्यांचं. ते कायम ग्रीनिचचा मूळ वेळ दाखवतं. इंग्लंडमध्ये उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे असतात, त्यामुळे एप्रिल ते ऑक्टोबर या घड्याळाला लोक बंद पडलेलं समजतात. भारतात फोन करायचा तर याच घड्याळात साडेपाच तास मिळवायचे. मनगटावरच्या घड्याळात उन्हाळ्यात साडेचारच. आजोबा मुंबईचे असतील तर ‘मुंबई टाइम’चा विषय निघतोच. १९०६ पासून देशाला साडेपाच तासांचा एक वेळ लागू झाला, तरी मुंबई आपला ४ तास ५१ मिनिटांचा वेळ सोडायला तयार नव्हती. शहरात तो १९५५ पर्यंत चालला. एकाच शहरात दोन वेळा पन्नास वर्षं नांदल्या, हे नातवंडांना ग्रीनिचच्या टेकडीवर ऐकायला बरं वाटतं. बाकी कुठे ऐकलं असतं तर त्यांनी जांभई दिली असती.

जेवण इथेच, जनरल वुल्फच्या पुतळ्यापाशी गवतावर. खाली नेव्हल कॉलेजचे दोन घुमट, मागे नदीचं वळण आणि त्यापलीकडे कॅनरी व्हार्फच्या काचेच्या इमारती. पुतळ्याच्या चौथऱ्यावर दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बच्या कपच्यांचे खड्डे आहेत, पाठीमागून बघावेत. डबा घरून आणलेला असेल तर उत्तम: दशम्या, तिळाची चटणी, लोणचं. नसेल तर सुपरमार्केटचं सँडविच, फळं आणि पेय एकत्र स्वस्तात मिळतं. शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवावं की इथे ‘व्ही’ किंवा ‘व्हेजिटेरियन’ लिहिलेल्यात अंडं असू शकतं. अंडंही चालत नसेल तर ‘व्हेगन’ लिहिलेलं उचलावं. दूधही जातं, पण शंका उरत नाही. बटाट्याचे चिप्स (इथे म्हणजे फ्रेंच फ्राइज) मात्र विचारून घ्यावेत, पुष्कळदा मासळी त्याच तेलात तळलेली असते. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नयेत. नळाचं पाणी पिण्याचं आहे, आणि मद्य विकणाऱ्या हॉटेलांना ते मागणाऱ्याला फुकट देणं कायद्याने भाग आहे.

स्वच्छतागृहांचा विषय प्रवासवर्णनांतून कायम गाळला जातो, आणि कुटुंबाचा दिवस बहुधा त्याच्यावरच अडतो. टेकडीखालचं राष्ट्रीय सागरी संग्रहालय फुकट आहे आणि तिथली सोय चांगली. पुढे लंडन ब्रिज आणि वॉटर्लू या मोठ्या रेल्वे स्थानकांत २०१९ पासून पैसे लागत नाहीत. टेट मॉडर्न आणि साउथबँक सेंटर या इमारतीही सर्वांना खुल्या. मधल्या टप्प्यांत काही मिळेल या भरवशावर राहू नये. पाण्याची छोटी रिकामी बाटली पिशवीत ठेवली की ज्येष्ठांची कुरकुर निम्मी होते. कारण सांगायची गरज नाही.

संग्रहालयात तास-दीड तास पुरतो. बघावं तर एकच: ट्रॅफल्गरच्या लढाईत, १८०५ मध्ये, ब्रिटिश नौसेनापती नेल्सनने घातलेला कोट, डाव्या खांद्यापाशी गोळीचं भोक असलेला. बाकी मुलांना जिकडे पळायचं तिकडे पळू द्यावं आणि मोठ्यांनी बसून घ्यावं.

चारच्या सुमारास डीएलआर. ही गाडी चालकाशिवाय धावते आणि अगदी पुढच्या काचेपाशी प्रवाशांना बसता येतं. ती जागा मिळवण्यासाठी एक गाडी सोडावी लागली तरी सोडावी. सगळ्या स्थानकांवर लिफ्ट किंवा उतार आहे. टॉवरला जायचं तर ‘बँक’ नावाच्या स्टेशनकडे जाणाऱ्या गाडीतून शॅडवेलला उतरून टॉवर गेटवेची गाडी धरायची.

आता टॉवरचा प्रश्न. आत कोहिनूर आहे, १९३७ मध्ये राजा सहाव्या जॉर्जच्या राणीसाठी घडवलेल्या मुकुटात बसवलेला. मराठी माणसाला तो बघायचाच असतो, निदान रागावण्यासाठी तरी. पण टॉवरला तीन तास लागतात, मोठ्यांचं तिकीट ३५ पौंडांच्या आसपास आहे आणि दागिन्यांची रांग सकाळी उघडता उघडता गेलं तरच आटोक्यात असते. मुकुटांसमोरून सरकत्या पट्ट्यावरून न्यायचं, फोटो बंद. दुपारी चारला आत शिरणं म्हणजे पैसे पाण्यात. कोहिनूर की ग्रीनिच, यांतलं एक निवडावं. कोहिनूर निवडला तर सकाळी उघडतानाच टॉवर, आधी दागिने, मग लाल काठाच्या गडद निळ्या पोशाखातल्या रखवालदाराबरोबरची फेरी (ती तिकिटातच आहे), मग किल्ल्याच्या मधला व्हाइट टॉवर. त्यातले गोल जिने बाबागाडीला आणि गुडघ्यांना नकोत.

वाघनखांसाठी साउथ केन्सिंग्टनला जायचा बेत असेल तर तो रद्द करावा. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली ती वाघनखं जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या करारावर साताऱ्याला आली. ती छत्रपतींनीच वापरलेली आहेत याची खात्री देता येत नाही, असं ते संग्रहालय स्वतःच सांगतं. १९२१-२२ मध्ये डॉ. आंबेडकर राहिले ते १०, किंग हेन्रीज रोडवरचं घर मात्र जरूर बघावं. महाराष्ट्र सरकारने ते २०१५ मध्ये घेतलं. चॉक फार्म स्टेशनपासून चालत जाता येतं, पण ते नदीपासून लांब, उत्तरेला आहे. त्याला वेगळी सकाळ द्यावी, वेळा आधी तपासून. याच दिवसात घुसवलं तर घराबाहेर फोटो काढून पळावं लागतं, आणि तसं बघण्यापेक्षा न बघणं बरं.

टॉवर बाहेरून बघून पूल ओलांडावा. १८९४ चा टॉवर ब्रिज वर्षाला साधारण ८०० वेळा उघडतो आणि त्या वेळा आधीच जाहीर असतात. जहाजाला अग्रक्रम, गाड्या थांबतात. दक्षिणेकडच्या पॉटर्स फील्ड्सच्या हिरवळीवर बसून बघणं सर्वांत सोयीचं. १९५२ मध्ये ७८ नंबरची बस पुलावर असतानाच तो उघडू लागला होता आणि चालकाने बस थांबवण्याऐवजी वेग वाढवून फटीवरून पलीकडे उडवली. गोष्ट खरी आहे, मुलांना दोनदा सांगावी लागते.

इथून वेस्टमिन्स्टर चार किलोमीटर. लंडन ब्रिज स्टेशन पहिलं, एक किलोमीटरवर. आजी-आजोबांनी इथे लिफ्टने खाली जाऊन ज्युबिली लाइन धरावी. बरो मार्केट शेजारीच, पण ते सोमवारी बंद असतं आणि इतर दिवशीही संध्याकाळी लवकर आवरतं. रात्रीच्या जेवणाला त्याच्या भरवशावर राहिलं तर उपाशी राहायची पाळी. पुढे मिलेनियम ब्रिज. जून २०००मध्ये उघडला आणि दोन दिवसांत बंद केला, कारण तो बाजूला डोलायला लागला. जरा डोललं की लोक तोल सावरायला नकळत एकाच ठेक्यात पावलं टाकत, त्याने डोलणं वाढे, मग आणखी माणसं त्याच ठेक्यात येत. हादरे शोषणारी यंत्रं बसवून २००२ मध्ये तो पुन्हा उघडला. पुलाखाली वाकून बघितलं तर ती दिसतात.

ओहोटी असेल तर इथे पायऱ्या उतरून वाळूवर जाता येतं आणि मुलं जातातच. जुन्या चिलमींचे तुकडे, खापऱ्या दिसतात. त्या उचलायला बंदर प्राधिकरणाचा परवाना लागतो. नुसत्या बघायच्या, हात लावायचा नाही. पायऱ्या शेवाळलेल्या असतात आणि पाणी परत वेगाने चढतं, म्हणून एक मोठा माणूस सोबत हवा.

हे सगळं जून-जुलैचं गणित झालं, जेव्हा सव्वानऊपर्यंत उजेड असतो. डिसेंबरमध्ये चारच्या आधीच सूर्य बुडतो. तेव्हा संध्याकाळचा पायी टप्पा अंधारात आणि थंडीत जातो. तो गाळून टॉवर हिलहून १५ नंबरची बस धरावी. वरच्या मजल्यावर पुढच्या जागांवर बसलं की सेंट पॉलवरून ट्रॅफल्गर स्क्वेअरपर्यंत दिव्यांतलं शहर उबेत बघून होतं. फक्त ज्येष्ठांनी खालीच बसावं. प्रवासी जागेवर बसेपर्यंत बस थांबत नाही, आणि चालत्या बसचा जिना त्यांच्यासाठी सर्वांत वाईट जागा.

बाकीच्यांनी वॉटर्लू किंवा वेस्टमिन्स्टरला गाडी धरायची. आणि डीएलआरच्या बऱ्याच स्थानकांवर फाटकं नसतात, नुसता खांबावर पिवळा गोल असतो, हे चारलाच सांगायला हवं होतं. ग्रीनिचहून निघताना कुणी तिथे कार्ड टेकवायचं विसरलं असेल तर रात्री त्याच्या खात्यात कमाल भाडं दिसेल. संकेतस्थळावर कार्डाची नोंदणी करून अर्धवट प्रवासाचा परतावा मागता येतो. फार दिवस न लावता मागावा.